चौपट मोठं यान

मोठं म्हणजे किती मोठं, हे नीट सांगायची अक्कल मला तेव्हा नव्हती, आणि गंमत म्हणजे मी शाळेत गणितच शिकवत होते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. तेव्हाच्या आंध्रातल्या तलमडुगुकडच्या एका खेड्यात, मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत नोकरी लागून मला वर्षही झालं नव्हतं. घर आदिलाबादला. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळच्या बसनं परत. आमच्या घराण्यात आजोबांपर्यंत सगळे दुसऱ्यांच्या शेतात राबलेले. मी घरातली पहिली मास्तरीण, आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हते. आईच्या हातून भाजीत मीठ कमी पडलं तरी तिला उभं करून समजावून सांगायची. आई म्हणायची, "शाळा शाळेत ठिवून येत जा वं माय." माझी जीभ तिखट होती. आजही आहे, पण आता ती कुठे चालवायची ते थोडंफार कळतं.

शाळेत मुलांचं एक विज्ञान मासिक पोस्टानं यायचं. एका अंकाच्या मधल्या दोन पानांवर चंद्रावर उतरणारं यान छापून आलं होतं, कापून चिकटवायचं. घडी घालायची तिथं तुटक रेघा, आणि चिकटवायच्या पट्ट्यांवर आकडे. मुलं त्या पट्ट्यांना कान म्हणत. "बाई, सात नंबरचा कान फाटला!" असा ओरडा झाला की मी डिंकाची बाटली घेऊन धावायची. चार पाय, अष्टकोनी पोट आणि वर वेडंवाकडं डोकं असं ते यान दुपारपर्यंत टेबलावर उभं राहिलं. उंची जेमतेम वीतभर. वर्गात त्याला कुणी यान म्हणेना. सगळ्यांच्या लेखी ते विमान होतं.

हेडमास्तर तेलुगू भाषिक, स्वभावानं मऊ. त्यांना ते फार आवडलं. महिन्याभरानं आदिलाबादला जिल्ह्याचा विज्ञान मेळा होता. त्यांनी हात कमरेशी धरून दाखवला आणि म्हणाले, "नालुगु रेट्लु पेद्ददि चेय्यंडि अम्मा. दूरम् नुंची कनपडाली." चारपट मोठं करा, लांबून दिसलं पाहिजे. वीतभराचं चारपट म्हणजे बरोबर कमरेएवढं. हात मी पाहिला होता, आकडा ऐकला होता. मी मान डोलावली.

कापायच्या आधी मी ती दोन पानं बसस्टँडजवळच्या दुकानातून झेरॉक्स करून ठेवली होती, एवढं शहाणपण होतं. तीच घेऊन परत त्या दुकानात गेले आणि मोठं करून मिळेल का विचारलं. दुकानदार म्हणाला, "बड़ा नई होता मॅडम. जैसा है वैसाइच आता." मग हातानं काढण्यावाचून इलाज नव्हता. आणि हातानं मोठं काढणारा माणूस आमच्या घरात होता.

बाबा जमीन मोजणीच्या ऑफिसात चेनमन होते. शेताच्या बांधावरून लोखंडी साखळी ओढत न्यायची, खुंट्या रोवायच्या, उन्हात झेंडी धरून उभं राहायचं, हे त्यांचं काम. त्यांनी ओढलेल्या साखळीवरून टिपण तयार व्हायचं, टिपणावरून नकाशा. पण नकाशा काढायचा तो ट्रेसरनं. बाबा चौथी शिकलेले, म्हणून ट्रेसरच्या जागेवर त्यांना बसता येत नव्हतं. तीस वर्षं ते ट्रेसरच्या मागं उभं राहून बघत आले होते. बघून बघून त्यांचा हात असा तयार झाला होता की आमच्या आळीतल्या विहाराच्या भिंतीवरचं चोवीस आऱ्यांचं चक्र त्यांनी एक खिळा आणि सुतळी घेऊन काढलं होतं, आणि आऱ्यांतलं अंतर कुठं सुताइतकंही चुकलं नव्हतं. त्याखाली नाव टाका म्हणाले लोक. बाबा म्हणाले, तिथं आपलं नाव टाकाचं नसतं.

यानाची पानं त्यांच्यापुढं ठेवली तेव्हा ते जेवत होते. डाव्या हातानं पान उलटं-सुलटं करून बघितलं.

"हे चंद्रावरचं टेबल हाये काय वं?"

"यान आहे बाबा. हे चौपट मोठं पाहिजे."

"चौपट," ते म्हणाले. "काऊन नाई. होते."

बस, एवढंच बोलणं झालं. माझ्या डोक्यात हेडमास्तरांचा कमरेवरचा हात होता. तोंडून निघाला तो एक शब्द. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून दोन ड्रॉइंग शीट आणून दिले. चौपट करायचं तर किती कागद लागेल याचा हिशेब मी केला नाही. दोन पानं होती, म्हणून दोन शीट.

रात्री हात धुताना बाबा आईजवळ एक गोष्ट बोलले, आणि आईनं ती मला सांगितली. पुढच्या उन्हाळ्यात ते रिटायर होणार होते. मेळ्यात त्यांच्या ऑफिसचे लोकही चक्कर मारायला येत. बाबांना वाटत होतं की त्या यानाखाली एक चिठ्ठी असावी, तिच्यावर त्यांचं पूर्ण नाव असावं आणि नावापुढं 'नक्शानवीस' लिहावं. नक्शानवीस म्हणजे नकाशे काढणारा; निजामाच्या वेळचा शब्द, जुन्या लोकांच्या तोंडी ऑफिसात अजून होता. तीस वर्षांत तो शब्द त्यांच्या नावाला कधी लागला नव्हता. एका दिवसासाठी लागला तरी त्यांना पुरणार होतं.

मी म्हणाले, "त्यात काय, टाकू की." इतकं सहज म्हणाले.

तीन रविवार त्यांनी त्यावर घातले. सकाळचं कोवळं ऊन अंगणात आलं की चटई अंथरायची, तिच्यावर जुनी दाराची फळी, फळीवर शीट. झेरॉक्सवर आधी टोकदार पेन्सिलीनं बारीक चौकोन आखले. प्रत्येक चौकोनाला ते घर म्हणत. मग शीटवर मोठी घरं. लहान घरात रेघ जिथं शिरते आणि जिथून बाहेर पडते, ती जागा मोठ्या घरात टिंबानं धरायची, आणि टिंबं जोडत जायचं. काटकोन धरायचा गुण्या ऑफिसातल्या सुतारानं करून दिलेला. खोडरबर जवळ ठेवलेलं मी पाहिलं नाही. मी पायरीवर बसून उत्तरपत्रिका तपासत होते आणि अधूनमधून मान वर करत होते. सुटे तुकडे शीटभर पसरलेले, ते मोठेच दिसत होते. उठून एखाद्या तुकड्यावर फूटपट्टी ठेवावी, असं गणिताच्या मास्तरणीला वाटलं नाही.

तिसऱ्या रविवारनंतर बाबांनी एका शनिवारची सुट्टी टाकली. शीटची गुंडाळी करून आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली आणि माझ्याबरोबर सकाळच्या बसनं शाळेत आले. पांढरा शर्ट, खाली ऑफिसचीच खाकी पँट, पायात टायरच्या चपला. बसमध्ये ते ती गुंडाळी मांडीवर आडवी धरून बसले होते आणि कापसाचं ओझं घेऊन चढणाऱ्या प्रत्येकाला "हळू बाबू, हळू" म्हणत होते.

शाळेच्या दारात मी काय केलं ते लिहायला आजही हात अडतो. व्हरांड्यात ड्रॉइंगचे मास्तर आणि इतर दोघं उभे होते. कुणाचे वडील जमीनदार, कुणाचे मास्तर. मी म्हणाले, "हे सर्व्हे ऑफिसातले आहेत. ड्रॉइंग त्यांच्याकडून करून घेतलं." खोटं काहीच नव्हतं त्यात. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मास्तरांना नमस्कार केला.

दुपारपर्यंत मुलांनी कापलं, घड्या घातल्या, कान चिकटवले. बाबा मध्ये मांडी घालून बसले होते आणि मुलांना सांगत होते, "घाई करू नका, आंधी कोरडं होऊ द्या." जोडून झालं. टेबलावर ठेवलं. हातभर उंच.

मला आधी कळेचना. मी ते उचलून खाली जमिनीवर ठेवलं, जणू जमिनीवर ठेवल्यानं ते वाढणार होतं. ते माझ्या गुडघ्यापर्यंतही नीट पोचत नव्हतं.

"बाबा," मी हळूच म्हणाले, कुणी ऐकू नये असं, "चौपट सांगितलं होतं ना?"

"चौपटच हाये. मोजून पाह्य." त्यांनी खिशातून झेरॉक्स काढली आणि बोट ठेवलं. "हे एक घर. तिकडं याची चार घरं केली. दोन आडवी, दोन उभी. एकाचे चार. अजून कसं चौपट व्हते?"

आणि त्याच क्षणी मला कळलं. ज्या माणसानं जन्मभर जमीन मोजली, त्याला चौपट म्हणजे चौपट जागा. एकराचं चौपट चार एकर. चार एकराचं चौकोनी शेत पाहिजे असेल तर त्याची बाजू दुप्पट करायची, हे कुठलाही चेनमन डोळे मिटून सांगेल. ते बरोबर होते. पूर्ण बरोबर. मी बाजू म्हणाले असते तर त्यांनी बाजू चौपट केली असती. मी दोन शीट आणून दिले होते, आणि त्यांची रेघ त्या दोन शीटवर नेमकी मावली होती. म्हणजे त्यांना शंका यायला मी जागाच ठेवली नव्हती. हे सगळं मला टेबलापाशी उभ्या उभ्या, एका दमात कळलं. मी सातवीला हेच शिकवत होते.

तेवढ्यात हेडमास्तर आले. यानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "इदि चिन्नदि कदा अम्मा? एमैंदि?" हे लहान आहे ना? काय झालं?

चूक माझी आहे, एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. त्याऐवजी मी तेलुगूत म्हणाले, "आयनकु तेलियलेदु सार. चेनमन कदा." त्यांना समजलं नाही सर. चेनमन आहेत ना.

तेलुगूत का म्हणाले, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. हेडमास्तर तेलुगू म्हणून, हे एक उत्तर. खरं उत्तर असं की बाबांना कमी लागेल असं वाटलं. जसं काही मराठीतलं लागतं आणि तेलुगूतलं लागत नाही! तीस वर्षं ज्यांनी तेलुगू साहेबांच्या हाताखाली काढली, त्यांना ती भाषा माझ्याहून चांगली येत होती. आणि मी 'आयन' म्हणाले. ते. 'मा नान्न', माझे बाबा, असं म्हणाले नाही.

ड्रॉइंगचे मास्तर हसून म्हणाले, "चौपट सांगितलं आणि चौपट करून ठेवलं!" चौपट म्हणजे वाटोळंही, त्यावर सगळे हसले. मुलंही हसली, कारण मोठे हसत होते. मीही हसले. ते हसू मला फार दिवस आठवत राहिलं, बोललेल्या वाक्याहूनही जास्त.

बाबांनी झेरॉक्सची घडी घातली, खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "म्याडम, मी दुसरं काढून देतो. आठ शीट लागतीन."

मला म्याडम म्हणाले. घरी बाई म्हणायचे, माय म्हणायचे, रागावले तर नुसतं ए म्हणायचे. परतीच्या बसमध्ये माझ्या बाजूची जागा रिकामी होती, तरी ते मागं जाऊन बसले. घरी आईनं विचारलं, कसं झालं? ते म्हणाले, "बढिया झालं, जरा अजून मोठं पाह्यजे म्हंते." आई माझ्याकडे बघत होती. मी भाकरीचं पीठ घेतलं.

आठ शीट. मी त्या रात्री वहीवर मांडून पाहिलं. बाजू चौपट तर कागद सोळापट; एक शीट चार पानांएवढा, म्हणून एका पानाचे चार शीट, दोन पानांचे आठ. त्यांनी हे टेबलापाशी उभं राहून, लोक हसत असताना काढलं होतं.

मेळ्याला अकरा दिवस होते. बाबांनी रजा टाकली. या वेळी ते मला प्रत्येक गोष्ट विचारत. "पायाची लांबी सांग. इंचात सांग." "पोटाची बाजू किती? इंचात." मी सांगायची, ते लिहून घ्यायचे आणि माझ्याकडूनच परत वाचून घ्यायचे. मला वाटलं ते चिडून असं करत आहेत. माझ्याच्यानं माफ करा म्हणवलं नाही. रोज सकाळी बस पकडताना ठरवायची, संध्याकाळी म्हणू. संध्याकाळी ते फळीवर वाकलेले असायचे आणि मला तेवढंच निमित्त पुरायचं.

तुकडे आता एका शीटवर मावत नव्हते. गावनकाशाचे कागद जसे काठाला काठ जुळवून जोडतात तसे त्यांनी शीट जोडले, आणि सांध्याच्या मागून पट्टी मारली. मोठ्या यानाची खोड अशी की कागद मोठा होतो पण जाडी तेवढीच राहते. वीतभराच्या यानाचं पोट ताठ होतं; कमरेएवढ्या यानाचं पोट मध्ये बसायला लागलं. बाबांनी कापड दुकानातून साड्यांचे रिकामे खोके आणले आणि पुठ्ठा कापून आतून फासळ्या घातल्या. पाय वाकत होते, तर त्यांत ज्वारीचे सोललेले धांडे सरकवले. मैद्याची खळ शिजवली, किडे लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद टाकला. फक्त चिकटवायच्या पट्ट्या त्यांनी चौपट केल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "कान कायले वाढवाचे? खळ तेवढ्यातच धरते." त्या अकरा दिवसांत ते एवढंच एकदा हसून बोलले. खालच्या भागाला सोनेरी बेगड मुलांनी लावली, आणि ती मात्र खरोखर मुलांनीच लावली.

मेळ्याच्या आदल्या दिवशी बाबांनी एक चिठ्ठी माझ्या हातात दिली. पांढऱ्या कार्डावर काळ्या शाईनं, नकाशावर गावाचं नाव लिहितात त्या वळणात, त्यांचं पूर्ण नाव. त्याखाली, नक्शानवीस. मी ती पर्समध्ये ठेवली.

त्याच संध्याकाळी हेडमास्तर म्हणाले, नियम कडक आहेत, सगळं विद्यार्थ्यांच्या हातचं पाहिजे, बाहेरच्या माणसाचं नाव दिसलं की बाद. त्यांचं काही चुकलं नव्हतं. नियम होता. पण मी घरी येऊन बाबांना हे सांगू शकले असते. सांगितलं नाही. त्यांनी शर्ट नीळ घालून वाळत टाकला होता, आणि मी त्या शर्टाखालून वाकून घरात गेले.

मेळा एका शाळेच्या मोठ्या खोलीत होता. आमचं यान दारातूनच दिसत होतं. बाबा अकराच्या सुमारास आले. आधी लांबून पाहिलं, मग जवळ आले. टेबलाच्या पुढच्या कडेला पाहिलं. मग डाव्या बाजूला गेले, मागं गेले, उजवीकडून परत आले. पूर्ण फेरी मारली. शाळेचं नाव होतं, मुलांची नावं होती, माझं नाव होतं.  मग ते एका बाजूला भिंतीशी जाऊन उभे राहिले.

थोड्या वेळानं त्यांच्या ऑफिसचे लोक आले. त्यांच्यात ट्रेसर होते, जाड चष्म्याचे, उर्दू बोलणारे म्हातारे गृहस्थ. ते यानाशी वाकले आणि कितीतरी वेळ एका रेघेवरून नजर फिरवत राहिले. मग मला म्हणाले, "ये लकीर बच्चों की नई है मॅडम. किसका हाथ है?"

परीक्षक दोन टेबलं सोडून उभे होते. मी म्हणाले, "बच्चोंकाच है."

ट्रेसरांनी मान वळवून भिंतीशी उभ्या बाबांकडे पाहिलं. त्यांना माहीत असावं, निदान शंका तरी असावी. बाबा दोन पावलं पुढं आले आणि मराठीतच म्हणाले, "लेकरायचंच हाये साहेब. मी सोता बसून पाह्यलं."

आम्हाला दुसरा नंबर मिळाला. प्रमाणपत्रावर शाळेचं नाव आणि माझं. घरी बाबांनी हात पुसून ते घेतलं, पूर्ण वाचलं आणि परत दिलं. "जपून ठिव," म्हणाले. त्यांची चिठ्ठी पर्समध्येच राहिली. पुढं मी पर्स बदलली. चिठ्ठी कुठं गेली ते मला ठाऊक नाही.

बाबा चेनमन म्हणूनच रिटायर झाले. माझं लग्न झालं, बदल्या झाल्या, पण राहिले मी आदिलाबादलाच, त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. दरवर्षी सातवीला तो धडा यायचा. बाजू दुप्पट केली तर क्षेत्रफळ किती पट होईल? मुलं ओरडायची, दुप्पट! मी फळ्याकडे तोंड करून चार घरं काढायची आणि ती काढून होईपर्यंत वळायची नाही.

नव्वदचं दशक अर्धं सरल्यावर एका रविवारी मी त्यांच्याकडे तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. ते समोर खाटेवर. विषय काहीच नव्हता. मी म्हणाले, "बाबा, त्या यानाची चूक माही होती. तुमचं बरोबर होतं. मला तवाच समजलं होतं."

त्यांनी शेंगा घ्यायला हात पुढं केला. दोन-तीन सोलल्या.

"मले काऊन सांगतं?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मले त मालूमच हाये. मी इंचाइंचानं इचारून राह्यलो होतो तुले, मले काय मोजता येत नव्हतं म्हून? म्हणलं, आता बोलन, आता बोलन." मग म्हणाले, "ज्यायच्यापुढं बोलली त्यायले सांग."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पाहिलं आणि शेंगांचं सूप स्वतःकडे ओढून घेतलं.

ड्रॉइंगचे मास्तर तोवर वारले होते. बाकीचे कुठं बदलून गेले कळायला मार्ग नव्हता. राहिले हेडमास्तर, ते रिटायर होऊन निर्मलला मुलाकडे राहत होते. मी पत्ता शोधून काढला आणि एका सुट्टीच्या दिवशी बसनं निर्मलला गेले. घाट उतरताना तेलुगूतली वाक्यं मनात जुळवत होते. चूक माझी होती सर. ते माझे वडील होते सर.

त्यांनी मला लगेच ओळखलं. सुनेला हाक मारून चहा सांगितला. दिवाणखान्यात काचेच्या कपाटात निर्मलची लाकडी खेळणी मांडलेली होती. मी यानाचा विषय काढताच त्यांचा चेहरा खुलला. "ओहो, आ बंगारु विमानमा! पिल्ललु एंत बागा चेसारु!" ते सोन्याचं विमान! मुलांनी किती छान केलं होतं!

मी म्हणाले, सर, पहिल्यांदा ते लहान झालं होतं, आठवतं? ते म्हणाले, लहान? नाही, चांगलं मोठं होतं, कमरेएवढं. मी म्हणाले, ते ज्यांनी काढलं, ज्यांना समजलं नाही असं मी तुम्हाला सांगितलं, ते माझे वडील होते. चूक त्यांची नव्हती, माझी होती.

त्यांनी कप खाली ठेवला. "मी नान्नगारा? आयन एप्पुडु वच्चारम्मा?" तुमचे वडील? ते कधी आले होते?

मी म्हणाले, चेनमन सर, सर्व्हे ऑफिसचे. ते बराच वेळ आठवत राहिले, मनापासून. मग संकोचून म्हणाले, नाही आठवत कुणी चेनमन. त्यांच्या डोक्यात त्या दुपारचं काहीच उरलं नव्हतं, माझं वाक्यही नाही, हसणंही नाही. माझा गुन्हा मागे घ्यायला ज्यांच्याकडे गेले त्यांच्याकडे तो नव्हताच. मी चहा घेतला, नमस्कार केला आणि परतीची बस धरली.

ऊन उतरता उतरता आदिलाबादला पोचले. बाबा अंगणात बनियनवर बसले होते. मी निर्मलला कशाला गेले ते त्यांना माहीत होतं; सकाळपासून ते वाट बघत होते, असं आईनं मागाहून सांगितलं.

"भेटले?"

"भेटले."

"सांगतलं?"

"सांगितलं. मी म्हणले, तुमचंच बरोबर होतं. चूक माही होती म्हणले."

 त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "माह्यं नाव घेतलं त्यायनं?"

"घेतलं."

"पुरं?"

"पुरं," मी म्हणाले.

ते उठले. आत जाऊन पांढरा शर्ट घालून आले, उकाडा असूनही गळ्यापर्यंत सगळ्या गुंड्या लावल्या. "येतो वं बाई," म्हणाले, "या टाइमाले ऑफिसातली सारी रिटायर मंडळी चौकातल्या हाटेलात बसली असते. त्यायले सांगून येतो." आई आतून चहा घेऊन जा म्हणून ओरडत होती, पण ते फाटकाबाहेर पोचलेही होते, आणि मी त्यांना थांबवलं नाही.